दिवाणखान्यातला ट्रे

आमच्या ऑकलंडच्या मंडळात सिस्टरांचा विषय निघाला की लोक आधी इकडेतिकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. "तेव्हा थोडा परिणाम झाला होता हो डोक्यावर," असं मागे एक काकू मला म्हणाल्या आणि त्यांनी समोसा उचलला. मी तीन वर्षं त्या घरात राहिलेली बाई. परिणाम झालाच असेल तर तो तिथे येऊन नाक मुरडणाऱ्यांवर झाला होता, सिस्टरांवर नाही. हे एकदा लिहून टाकायचंच होतं. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

सिस्टर मूळच्या मिरजेकडच्या. नर्सिंग शिकलेल्या. नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला आल्या, इथे पुन्हा परीक्षा दिल्या आणि हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात उभा जन्म काढला. मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरून आले ते २०१३ साली. तोवर त्या रिटायर झाल्या होत्या, नवरा गेला होता आणि हिल्सबरोच्या उतारावरच्या घरात त्या एकट्याच राहत होत्या. खालची खोली त्यांना भाड्याने द्यायची होती. मी बघायला गेले तर नोकरी, पगार, जात, लग्न, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पोट रोज साफ होतं का?"

मी गडबडून हो म्हटलं.

"खोटं बोलतेस. नवीन देशात सुरुवातीला कुणाचंच होत नाही. किवी खात जा, इथे हीप्स मिळतात, ढिगाने. ही किल्ली."

पहिल्या आठवड्यात मी त्यांना मावशी म्हणून बघितलं. "तुझ्या आईची बहीण आहे का मी?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, "मग सिस्टर म्हण," असा निकाल दिला. त्यात काय तर्क होता ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

रिटायर झाल्या तरी नर्सचं उलटं घड्याळ त्यांच्या स्वेटरवर कायम टाचलेलं असायचं. कुणी शेकहँड करायला हात पुढे केला की त्या तो हात धरून ठेवायच्या आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या. एकदा आमच्या एका नवश्रीमंत डॉक्टरांची अशीच मोजली आणि भर लग्नात म्हणाल्या, "कॉफी कमी करा, आणि तो पिवळा टायही." सकाळी माझ्या दारावर टकटक करून त्या राउंड घेत. झोप कशी, डोकं दुखतंय का, जेवलीस का. उत्तर ऐकायला थांबत नसत, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळायचं. स्वच्छतेचं तर विचारूच नका. फडकी उकळायची, विळी उकळायची, आणि जमीन पुसायची ती फिनेलनेच. इथल्या सुपरमार्केटातली लिंबाच्या वासाची बाटली त्यांना पाणचट वाटायची. फिनेलसाठी त्या मला गाडीत घालून थेट पापाटोएटोच्या इंडियन दुकानात न्यायच्या. येताना तिथली जिलेबीही घ्यायच्या आणि गाडीत फिनेल आणि जिलेबी असा दुहेरी वास घेत आम्ही मोटरवेने घरी यायचो.

"वासाला घाबरणाऱ्याने माणसांत राहू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. नाक मुरडणाऱ्या नवीन नर्सांना त्या हेच सांगायच्या म्हणे.

मुलगा एकुलता एक. हॅमिल्टनला राहायचा आणि तिथल्याच 'ते रापा' नावाच्या भागात दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो काळजी करणारा माणूस होता, आणि काळजी करणाऱ्या माणसाइतका छळ दुसरं कुणी करत नाही. त्याने आपल्या घरामागे आईसाठी एक खोली बांधून ठेवली होती, खोली गरम ठेवणाऱ्या हीट पंपासकट. एकदा तो आला आणि लाउंजमध्ये बसल्याबसल्या म्हणाला, "आई, इथे कसला तरी वास येतो. तुला जाणवत नाही का?"

"जाणवतो ना. तुझ्या डिओडरंटचा."

"आय अ‍ॅम सीरियस. हे घर तुला आता झेपत नाही. आहे तेच झेपत नाही, नवीन तर काहीच झेपणार नाही."

तो गेला आणि सिस्टरांनी लाउंजचं कार्पेट फिनेलच्या पाण्याने दोनदा पुसलं. त्याच आठवड्यात त्यांनी मांजर पाळलं. शेजाऱ्यांच्या मांजरीने घरामागच्या लाकडी डेकखाली पिल्लं घातली होती. बाकीची ती तोंडात धरून घेऊन गेली, एक मागेच राहिलं. करडं, हाडकुळं, शेपटीला गाठ असलेलं. सिस्टरांनी आयुष्यात कधी जनावर जवळ केलं नव्हतं. त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळून आत आणलं, कान बघितले, पोट दाबून बघितलं आणि मला सांगितलं, "अ‍ॅडमिट करून घेतलंय." नाव ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. त्याला त्या पेशंट म्हणत. मीही मग पेशंटच म्हणायला लागले.

मुलाला हे फोनवर कळलं तेव्हा मी तिथेच पोळ्या खात बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"आई, तू मुद्दाम करतेस ना हे?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"ठीक आहे. जुलैच्या स्कूल हॉलिडेजमध्ये आम्ही येतोय. तेव्हा घरात वास आला ना, तर मांजर शेल्टरला, घर मार्केटला आणि तू आमच्याकडे. नो मोअर आर्ग्युमेंट्स."

"ये. येताना नाक घेऊन ये."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी स्वच्छ ओटा पुन्हा एकदा पुसून काढला. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला. पेशंट त्याच्या संडासाच्या, वाळूच्या ट्रेमध्ये बसतो की नाही? त्यावर सिस्टरांचं घर अवलंबून होतं, आणि हे त्यांना, मला आणि हॅमिल्टनला पक्कं ठाऊक होतं. फक्त पेशंटला ठाऊक नव्हतं.

पहिला ट्रे त्यांनी लाँड्रीत ठेवला, वॉशिंग मशीनच्या शेजारी. "संडास मागच्या अंगाला असावा," हे मिरजेकडचं ज्ञान. पेशंट बिचारा शहाणा होता, त्याने जाऊन वाळू उकरली, बसला, आणि नेमकं त्याच वेळी मशीन पिळायला लागलं. सगळी लाँड्री थरथरली. पेशंट जो सुटला तो लाउंजमधल्या सोफ्यामागे जाऊन थांबला, आणि राहिलेलं काम त्याने तिथेच उरकलं. पुन्हा म्हणून तो लाँड्रीच्या उंबऱ्यावर चढला नाही. उचलून ट्रेमध्ये ठेवला तर चारी पाय ताठ करायचा.

मग ट्रे आला बाथरूममध्ये. आता खरी गंमत अशी की सिस्टर तो ट्रे दिवसातून किती वेळा फिनेलने धूत होत्या त्याला सुमार नाही. पेशंटने नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी धुवायच्या. वाळू पांढरीशुभ्र, ट्रे चकचकीत, आणि पेशंट तिथून नाक वर करून परत फिरायचा. जसजसा तो ट्रेबाहेर करायला लागला तसतसं फिनेल वाढत गेलं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सिस्टर, माझ्याच डोळ्यांना झोंबतंय."

"तू ट्रेमध्ये बसतेस का? मग गप."

एवढं होऊनही त्यांनी पेशंटवर कधी आवाज चढवला नाही. मंडळातल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला होता की नाक त्यातच घासायचं, बरोबर शिकतं. सिस्टरांनी त्यांना विचारलं, "तुमच्या आईने तुम्हाला तसंच शिकवलं का? तरीच." त्या गृहस्थांनी सिस्टरांशी बोलणं टाकलं ते कायमचं. सिस्टरांच्या ते पुढच्या दिवाळीपर्यंत लक्षातही आलं नाही.

जूनमध्ये महिन्याच्या भजनाची पाळी त्यांच्या घरी आली. लाउंजच्या खिडकीत तुळशीची कुंडी होती. इथल्या जूनच्या थंडीत तुळस बाहेर टिकत नाही, म्हणून हिवाळाभर ती घरात उन्हाच्या तुकड्यात बसलेली असते. ही तुळस साधीसुधी नव्हती. मंडळातल्या अर्ध्या घरांत हिचीच रोपं गेलेली होती. बायका टाळ घेऊन बसल्या, पहिलं भजन रंगात आलं, आणि पेशंट सोफ्याखालून निघाला. सरळ कुंडीत चढला, माती उकरली आणि डोळे अर्धवट मिटून बसला. एकेक टाळ थांबत गेला.

"अगं बाई! तुळशीत!" एक काकू ओरडल्या आणि हाकलायला उठल्या.

"हात लावू नका!" सिस्टरांचा तो वॉर्डातला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पेशंट मधेच उठवायचा नाही. बसा खाली सगळ्या."

आणि खरंच सगळ्या बसल्या. पेशंटने आपलं काम सावकाश पुरं केलं, वर माती ओढली, पंजा झटकला आणि गेला. त्यानंतर कुणी प्रसादाला थांबलं नाही. शिऱ्याचं पातेलं भरलेलंच राहिलं, ते आम्ही दोघींनी पुढे दोन-तीन दिवस खाल्लं. मला वाटलं सिस्टर खचल्या असतील. त्या कुंडीसमोर उकिडव्या बसून माती चिमटीत घेऊन बघत होत्या.

"याला कळतं की गं," त्या म्हणाल्या. "जागा कळते, उकरायचं कळतं, झाकायचं कळतं. मग माझ्या ट्रेचं काय वाकडं आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पेशंटला व्हेटकडे नेलं. व्हेट म्हणजे माझ्याहून लहान दिसणारी, शॉर्ट्स घातलेली मुलगी. "किआ ओरा!" असा इथला माओरी नमस्कार करत तिने हात पुढे केला आणि अर्थातच तिची नाडी मोजली गेली. ट्रे कशाने धुता, असं तिने विचारल्यावर सिस्टरांनी पर्समधून फिनेलची बाटली काढून अभिमानाने टेबलावर ठेवली. मुलीने झाकण उघडून वास घेतला आणि एक पाऊल मागे सरली. हे मांजराला विष आहे, ती म्हणाली. पंजाला लागतं, तो पंजा चाटतो, त्याच्या लिव्हरला हे झेपत नाही. आणि एवढा उग्र वास असल्यावर तो त्या ट्रेमध्ये बसेल कसा? नुसतं गरम पाणी आणि चमचाभर भांड्यांचा साबण. शांत जागा, मशीनजवळ नको. आणि त्याचा स्वतःचा थोडासा वास तिथे राहू द्या.

"वास राहू द्यायचा?" सिस्टरांनी इंग्रजीत पुन्हा विचारलं. त्यांच्या उभ्या जन्मात त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं.

"जस्ट अ लिटल. सो ही नोज इट्स हिज."

आम्ही गाडीने परत निघालो. पेशंट पिंजऱ्यात, बाटली पर्समध्ये. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाल्या, "हरले नाही मी. ट्रीटमेंट बदलली." आणि घरी येऊन त्यांनी ती बाटली कचऱ्यात टाकली. ज्यांनी सिस्टरांना पाहिलंय त्यांनाच कळेल की ते केवढं होतं.

मग त्यांनी तुळस नव्या मातीत लावून उंच कपाटावर ठेवली आणि कुंडीतली जुनी माती ट्रेमधल्या वाळूवर पसरली. तुळशीची माती मांजराच्या ट्रेमध्ये म्हटल्यावर मलाही क्षणभर कसंतरीच झालं. "देवाशी बोलणं झालंय माझं," सिस्टर म्हणाल्या, "तू काम कर." आणि तो ट्रे त्यांनी ठेवला कुठे, तर लाउंजमध्ये, खिडकीखाली, जिथे पेशंटचं मन होतं तिथे. दुपारी पेशंट आला. वास घेतला, उकरलं, बसला. सिस्टर माझा दंड धरून उभ्या होत्या. मी हलू नये म्हणून त्यांनी तो इतका आवळला की वळ उठले. पुढे रोज थोडी माती कमी, थोडी वाळू जास्त, असं करत सगळी वाळू झाली तरी पेशंट चुकला नाही. एकदाही नाही.

मंडळात अर्थात बोंब झाली. दिवाणखान्यात संडास! समजवायला एक काकू आल्या. "अहो, लोक काय म्हणतील? जिथे पाहुणे बसतात तिथेच?"

"तुमच्या बेडरूमला अटॅच्ड आहे ना?" सिस्टर म्हणाल्या. "नवऱ्याला झोपायच्या खोलीत चालतं, मांजराला बसायच्या खोलीत का नाही? आणि माझा निदान वर माती तरी ओढतो."

काकू चहा न घेता गेल्या. समोशाच्या काकू त्या याच.

तरीही लाउंजमधल्या एका हिरव्या खुर्चीच्या उशीचा अभ्रा मधूनमधून दोरीवर वाळताना मला दिसायचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "चहा सांडला." सिस्टर खुर्चीत बसून चहा पीत नसत, उभ्यानेच घेत. पण मी पुढे विचारलं नाही.

जुलै आला. बाहेर पाऊस, आत हीट पंप. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात आली. मुलाने आत येताच खोल श्वास घेतला. काही नाही. परत घेतला. पोह्यांच्या फोडणीचा वास आला. पेशंट सगळ्यांदेखत ऐटीत ट्रेमध्ये गेला आणि कार्यक्रम करून आला.

"आजी! ही डिड इट! ऑल बाय हिमसेल्फ!" नात ओरडली.

"मग? तुझ्या बाबापेक्षा लवकर शिकला."

मी पोह्यांच्या बश्या भरत होते. सगळं जिंकल्यासारखं वाटत होतं. नातीने पेशंटची नक्कल केली. कार्पेटवर बसून, डोळे मिटून, पंजाने माती ओढत. सिस्टर त्या हिरव्या खुर्चीत बसून पोट धरधरून हसल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसत उठल्या आणि लगबगीने आतल्या खोलीत गेल्या. मुलगा बशी घेऊन त्याच खुर्चीत बसला, आणि लगेच उठला. त्याने उशीवर हात ठेवला. मग हात नाकाशी नेला.

"बस्स," तो म्हणाला. "आई! बाहेर ये. हे बघ. हेच मी म्हणत होतो. कॅरियर कुठे आहे, तो पिंजरा? मांजर आज जाणार. आत्ता."

नात रडायला लागली. सून खाली बघत होती. पेशंट खिडकीत पंजा चाटत बसला होता. त्याच्या बाजूने बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टर साडी बदलून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मुलाच्या हाताकडे बघितलं. गप्प राहिल्या असत्या तर मांजर गेलं असतं आणि घर कदाचित वाचलं असतं. सगळं त्या मुक्या जिवावर ढकलून मोकळं होता आलं असतं.

"ते पेशंटचं नाही," त्या म्हणाल्या. "माझं आहे."

मुलाचा हात पँटला पुसायला निघाला होता, तो मधेच थांबला.

"हसले की होतं. शिंकले की होतं. एक बाळंतपण झालं, तुझं, आणि जन्मभर जड जड माणसं उचलली. त्याचं हे. वर्षभर तुला जो वास येतोय तो माझा. त्याचं नाव घ्यायचं नाही." त्यांचा आवाज जराही खाली आला नव्हता. "आता सांग. त्याला शेल्टरला सोडणार होतास. मला कुठे सोडतोस?"

"आई, मी तसं..."

"तू तीन वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचास. मी रोज ती उन्हात टाकायची. तुला कुठे सोडून आले होते का रे मी?"

मला त्या क्षणी त्यांचा जो अभिमान वाटला तो मी आजवर कुणाबद्दल अनुभवलेला नाही. मुलाचा चेहरा लाल झाला होता. त्याने गाडीची किल्ली उचलली आणि तो पावसात निघून गेला. गाडी उतारावरून खाली जाताना ऐकू आली. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तुम्ही मला तरी सांगायचं." सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं ना आत्ता," आणि नातीचे डोळे पुसत बसल्या.

यावर पुढे मंडळात जे बोललं गेलं तेही ऐकून ठेवा. सिस्टरांनी मांजर पाळलं ते स्वतःचं झाकायला, असं. मी त्या शहाण्यांना एवढंच विचारते. ज्याला आडोसा हवा असतो, तो मांजराला इतक्या जिवाच्या आकांताने ट्रेमध्ये बसायला शिकवतो का? ते मांजर चुकत राहण्यातच त्यांचा फायदा होता. त्यांनी त्याला शहाणं केलं आणि स्वतः उघड्या पडल्या. आणि उघड्या पडल्या तरी मान खाली घातली नाही. हे ज्याला वेड वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं.

पोहे गार झाले होते. मी ते परत गरम करत होते तेव्हा गाडीचा आवाज आला. मुलगा भिजून आत आला. हातात फार्मसीची पिशवी होती. त्याने त्यातून पॅड्सचं मोठं पाकीट काढलं आणि टेबलावर आईसमोर ठेवलं. त्याला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

सिस्टरांनी चष्मा लावला. पाकीट उलटसुलट करून चारी बाजूंनी वाचलं. मग ते त्याच्याकडे सरकवलं.

"मिडियम?" त्या म्हणाल्या. "आई बघितली आहेस का कधी नीट? लार्ज लागतो मला. जा, बदलून आण. आणि पेशंटची वाळू संपत आलीये, तीही आण."

तो किल्ली घेऊन परत पावसात गेला.